राखी बगळ्याचा डोळा

माझे मामा सरकारी रंगारी. राखी बगळा हा आमच्या राजधानीचा मानाचा पक्षी, आणि कचेऱ्यांच्या पाट्यांवर, सरकारी मोटारींच्या दारांवर तो काढायचं काम मामांकडे. पत्र्याचा साचा धरायचा, राखी रंग मारायचा, शेवटी डोळ्याचा काळा ठिपका. तीस वर्षांत हजारो बगळे काढले असतील, पण जिवंत बगळ्याकडे कधी धड बघितलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी, माझी ताई, पक्ष्यांपायी वेडी. दर रविवारी दुर्बीण घेऊन सचिवालयामागच्या तळ्यावर जायची आणि घरी आली की बापाची फिरकी घ्यायची.

"बाबा, बगळ्याचा डोळा पिवळा असतो. तुमच्या बगळ्यांना काजळ कोणी घातलं?"

"साहेबांनी. नमुन्यात काळाच आहे."

"एकदा येऊन बघा तरी."

"येतो गं. एवढ्या पाट्या हातावेगळ्या होऊ देत."

पाट्या कसल्या संपतायत. गेल्या थंडीत ताई तापाने फणफणली आणि आठ दिवसांत गेली. चोवीस वर्षांची होती. घरात मामा आणि खुंटीवरची दुर्बीण, एवढंच उरलं.

दुर्बिणीला उजव्या डोळ्याशी एक कडं असतं. ज्याने त्याने ते आपल्या नजरेप्रमाणे जुळवायचं. ताईचा उजवा डोळा अधू, म्हणून तिचं कडं बरंच फिरवलेलं. मामांनी बजावून ठेवलं होतं, दुर्बीण पुसा, पण कड्याला हात लावायचा नाही. तिची नजर तेवढी तिथे राहिली आहे, म्हणायचे.

परवाच्या रविवारी मामा आपणहून म्हणाले, "चल, तळ्यावर जाऊ." मी सोबत गेले. पलीकडच्या काठावर बगळा उभाच होता. मामा दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिले.

"अर्धं धुरकट दिसतंय," म्हणाले, पण तक्रारीच्या सुरात नाही.

माझा स्वभाव मेला असा, कुणाचं काही अडलेलं मला बघवत नाही. "द्या इकडे, मी दाखवते," म्हणून दुर्बीण घेतली, डोळ्यांना लावली, आणि सवयीने बोटं फिरली. बगळा लख्ख दिसला. त्याच भरात मी ती मामांच्या हातात दिली.

मामा बघतच राहिले. "पिवळा आहे गं," म्हणाले. "पोरगी खरं सांगत होती. मी काळाच काढत राहिलो."

मग दुर्बीण हळूच खाली आली. त्यांनी कड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते काठावरच बसले आणि कडं एका बोटाने जरासं पुढे, जरासं मागे करू लागले.

"कुठे होतं गं हे?" त्यांनी विचारलं. "तू फिरवायच्या आधी?"

मी बघितलंच नव्हतं.