ओनोरिनाने दार उघडलं नाही

फलक लागला त्या दिवशी ओनोरिनाने तो तीनदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचला. 'बाराव्या शतकातलं, यात्रेकरूंच्या वाटेवरचं हे चर्च शंभर वर्षं पडीक होतं. प्रांताच्या वारसा खात्याने त्याचा जीर्णोद्धार केला.'

"पडीक?" ती शेजारच्या फिदेन्सिओला म्हणाली. "मग एकाहत्तर वर्षं मी झाडते ते काय, गोठा?"

फुएनमाया गावातल्या त्या चर्चची किल्ली तिच्याकडे होती, तिच्याआधी आईकडे, बासिलिसाकडे. ओनोरिना नऊ वर्षांची असताना बर्फाच्या ओझ्याने छप्पर खचलं. पाद्री महिन्यातून एकदा दुसऱ्या गावाहून यायचा. त्याने बिशपला लिहिलं, उत्तर आलं की प्रार्थना करा. बाप्ये बिल्बाओच्या कारखान्यांत गेलेले. शेवटी गावातल्या अकरा बायकांनी मोडक्या मेंढवाड्याची कौलं उतरवली, गाढवांवर लादली आणि चर्चवर चढवली. बासिलिसा शिडीवरून पडली ती मरेपर्यंत लंगडत राहिली.

सांतियागोच्या तीर्थाला चालत निघालेला एखादाच माणूस तेव्हा वर्षाकाठी गावात यायचा. बासिलिसा त्याला चुलीशी बसवून लसणीचं सूप द्यायची आणि सकाळी त्याच्यासाठी चर्च उघडायची. आता उन्हाळ्यात दिवसाला दोनशे जण येतात. तेव्हा कुठे खात्याला जाग आली.

उद्घाटनाला गाड्या आल्या, वाजंत्री आली, दाराला फीत लागली. दार मात्र बंद. समोर खुर्ची टाकून ओनोरिना बसलेली, किल्ली अ‍ॅप्रनच्या खिशात.

खात्याचे अधिकारी उरुएन्या पुढे झाले. "आजी, किल्ली द्या. पाहुणे ताटकळलेत."

"पडीक जागेला किल्ली कसली, साहेब? ढकला दार."

मागे कुणीतरी हसलं. उरुएन्या लाल झाले. "आम्ही दप्तर पाहून लिहिलंय. तुमच्या छपराची कुठेही नोंद नाही."

"माझ्या आईच्या मोडलेल्या कमरेची नोंद कुणी करायची होती? ती शिडीवर होती तेव्हा तुमचं खातं कुठे होतं?"

उरुएन्यांनी पोलिसाला खूण केली. पोलीस त्या अकरांपैकी एकीचा नातू. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"बरं, काय हवंय तुम्हाला?"

"फलकावरची ती 'पडीक'ची ओळ झाका. आत्ता, सगळ्यांसमोर."

ड्रायव्हरने गाडीतून काळी चिकटपट्टी आणली. ओळ पूर्ण झाकेपर्यंत ओनोरिना खुर्चीतून हलली नाही. मग उठून तिने दार उघडलं आणि फीत कापायच्या आधी स्वतःच आत गेली.

तीन महिन्यांनी नवा फलक आला. 'स्थानिकांच्या मदतीने' एवढे दोन शब्द वाढलेले.

"मदतीने म्हणे," ती फिदेन्सिओला म्हणाली. "मदत कुणी कुणाला केली रे?"

"जाऊ दे, ओनोरिना. वय बघ आपलं."

"वय बघूनच बोलतेय. मी गेले की त्या अकराजणींची नावं कोण सांगणार, तू? तुला तर स्वतःच्या आईचं धड आठवत नाही."

त्या दिवसापासून, यात्रेच्या वहीवर चर्चचा शिक्का मागणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला ती आधी अकरा नावं ऐकवते. घाई करणाऱ्याला सांगते, "सांतियागो पळून जात नाही. बस." भाषा न कळणाराही बसतो.

हे थांबवावं म्हणून खात्याचं पत्र आलं. तिने ते वाचलं आणि चूल पेटवायला घेतलं.