झाडपाल्याचं तेल

भागूमाय माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी डोक्याकडे. मेंढरं राखणाऱ्या बाईची ती सवय असावी. कळपात उभं राहिलं की तोंडं सगळी खाली गवतात, वरून दिसतात त्या नुसत्या पाठी. गावातलं कोण पोर कुणाचं, हे ती डोक्यावरच्या भोवऱ्यावरून सांगायची. एकदा तहसिलीतला गिरदावर आमच्या ओसरीवर पागोटं काढून वारा घेत बसला होता. भागूमाय ताकाला आली होती. तिनं वरून त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन भवरे हायत सायबाला. घरी दोघीजणी असतील." गिरदावर आधी चपापला, मग पोट धरून हसला, कारण होत्याच दोघी. आमचे आबा मात्र हसले नाहीत. धनगरणीनं सरकारी माणसाच्या डोक्यावर बोलावं हे त्यांना रुचलं नाही. आबा गावचे माली पाटील, म्हणजे सारावसुलीचे पाटील होते, आणि ते झोपेतसुद्धा पाटीलच असत.

आमचं गाव धारूरच्या डोंगराखाली. तेव्हा मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य होतं. खरिपाची रानं मोकळी झाली की भागूमाय आणि तिचा नवरा म्हसू शेळ्यामेंढ्यांचा कळप घेऊन गावच्या शिवारात उतरायचे. ज्याच्या शेतात मेंढ्या बसायच्या त्याला लेंडीचं खत मिळायचं आणि ह्यांना धान्य आणि बसायला जागा. मृग जवळ आला की ते डोंगराकडं सरकायचे. मूलबाळ नव्हतं. भागूमाय उंच, हाडाची, आवाज घोगरा. हात मात्र आमच्या आईच्या हातांहून मऊ. लोकरीला जो ओशटपणा असतो तो तिच्या तळव्यात कायमचा मुरला होता.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या डोक्याला चाई पडली. डाव्या कानामागं आधी पैशाएवढी, मग तळहाताएवढी. केस झडून कातडी गुळगुळीत झाली. आईनं महिनाभर माझी वेणी डावीकडं ओढून ती जागा झाकली आणि रोज वेणी घालताना रडली. ती माझ्यासाठी रडत होती असं मी तेव्हा धरून चालले होते. कडा गावाकडच्या एका बड्या शेतकरी घरातून मला मागणी यायची होती, आणि टकलाचा चट्टा असलेली मुलगी पाटलाची असली तरी कुणी करून घेत नाही.

उपाय पुष्कळ झाले. कांदा चोळून झाला, झाडपाला लावून झाला, खरखरीत धडप्यानं घासून झालं. मोमिनाबादचा वैद्य आला, त्यानं हस्तिदंत जाळून केलेली काळी राख लावायला दिली. आमचं घर माळकरी. आबांनी नारायणगडावर माळ घातली होती, घरात अंड्याचं टरफल येत नव्हतं. हत्तीच्या दाताची राख मात्र सोवळ्यात बसत होती, कारण ती वैद्यानं पुडीत बांधून दिली होती. आमच्या विहिरीचं पाणी कातड्याच्या मोटेतून यायचं आणि ते पिऊन आम्ही शुद्ध होतो. असल्या गोष्टी मला पुढं दिसायला लागल्या. तेव्हा मी फक्त टकली मुलगी होते.

राखेनं गुण आला नाही. तेव्हा माघातल्या एका दुपारी आबांनी मला घोड्यावर पुढं बसवलं आणि आमच्या माळाच्या शेतात नेलं. भागूमायचा कळप तिथंच बसवलेला होता. म्हसू मेंढ्या चारायला गेला होता, ती एकटीच लोकर विंचरत होती. आबा घोड्यावरून उतरले नाहीत. तिला डोकं दाखव, असं मला म्हणाले.

भागूमायनं मला खाली घेतलं, वेणी सोडली, चट्ट्यावर अंगठा फिरवला. मेंढीची लव अशी गोल गोल जाते तेव्हा आपण मेंढीचीच चरबी लावतो, असं ती आबांना सांगू लागली. आणि मग एकाएकी थांबली. आमच्या घरची माळ तिला आठवली असणार. म्हणाली, "करंजाचं तेल बी हाय माज्यापाशी. ते देऊ का, पाटील?"

"पाल्यानं गुण येईना म्हणून तर आलोय," आबा म्हणाले. "मेंढीचंच दे. कुनी इचारलं तर झाडपाल्याचं म्हन."

"मी कुनाला कशाला सांगू? डोकं तुमच्या पोरीचं," ती म्हणाली.

हे बोलणं ऐकणारी तिसरी मी एकटीच होते. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती इथं सरळ लिहून ठेवते.

तेलासाठी तिनं कधी मेंढरू मारलं नाही. एखादं आपोआप पडलं की त्याच्या गुर्द्याभोवतीची चरबी ती काढून ठेवायची. लेंड्यांच्या मंद आगीवर वितळवायची, गाळायची, मग पुन्हा पुन्हा पाण्यात धुवायची. "सात पान्यात धुतली की जनावर निगून जातं, गुन तेवडा ऱ्हातो," ती म्हणायची. मग करडईच्या तेलात ती चरबी आणि माक्याचा रस घालून शिशीत भरायची. रोज सकाळी म्हसू कळप घेऊन गेला की ती आमच्या मागच्या दारानं गोठ्यात यायची. आई तिला घरात घेत नसे आणि शिशीला हात लावत नसे. गोठ्यातल्या चुलवणापाशी पोत्यावर मला बसवून भागूमाय शिशी शेकायची, तेल तळव्यावर घेऊन कानामागं घोळवायची. वास उग्र होता. मी नाक दाबलं की ती म्हणायची, "वास डोक्याला न्हाई लागत, नाकाला लागतो. डोकं दे इकडं." ते "डोकं दे इकडं" तिचं पालुपद होतं. ऐकलं की माझी मान आपोआप खाली जायची.

चैत्रात चट्ट्यावर पांढुरकी लव आली. पावसाळ्यापुरतं तेल देऊन ती डोंगराकडं गेली आणि दसऱ्यानंतर परत आली, तेव्हा तिथं चार बोटं काळे केस होते. तिनं ते चिमटीत धरून ओढून पाहिले आणि लहान पोरीसारखी हसली. पुढं एका हकिमानं मला सांगितलं की चाई कधी कधी आपोआपच भरते, तेलाबिलाचा त्यात काही भाग नसतो. असेल तसं. पण त्या आठ-नऊ महिन्यांत माझ्या डोक्याला किळस न करता हात लावणारी ती एकच बाई होती, हे हकिमाला ठाऊक नव्हतं.

मोबदला तिनं एकच मागितला. त्या वर्षी तिच्या मेंढ्या उशिरा गाभण राहिल्या होत्या. आईला ती म्हणाली, "माघ सरंस्तवर एकाच जागी, तुमच्या रानात बसू द्या. माज्या मेंढ्या व्यायच्या हायत. पोटुश्या मेंढ्या रस्त्यावर घातल्या की संपलं." आबांनी हो म्हटलं. पाटलाचा शब्द होता, तिला तो दगडावरची रेघ वाटला.

मार्गशीर्षात कड्याकडची माणसं मला बघायला आली. लांबचा गाडीरस्ता, संध्याकाळी येऊन मुक्कामाला राहिली. पाहणी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायची होती. थंडी कडाक्याची होती. आदल्या सकाळी भागूमायनं माझ्या डोक्याला तेल लावलं आणि बजावलं होतं, शिशी चुलवणाच्या उबेलाच राहू दे, बाहेर काढू नको. मी ऐकलं नाही. भांगावर थोडं चोपडलं तर केस चमकतील म्हणून मी शिशी घरात आणली आणि माजघरातल्या कोनाड्यात, आरशाशेजारी ठेवून विसरले. बारा वर्षांच्या मुलीची हौस, दुसरं काही नाही.

सकाळी होणाऱ्या सासूबाईंनी माझे केस मोकळे सोडले. रीतच होती ती. उवा, कोंडा, विरळ जागा, सगळं बघत. केस पाहून त्या खूश झाल्या. आपल्या हातानं वेणी घालते म्हणाल्या आणि तेलासाठी कोनाड्यातली शिशी घेतली. ओतायला तिरपी केली, पण तेल हललं नाही. रात्रभराच्या गारठ्यानं ते आतल्या आत पांढरं थिजलं होतं. त्यांनी काडीनं थोडं काढलं, बोटांत चोळलं, वास घेतला.

"हे तेल न्हाई," त्या म्हणाल्या. "ही चरबी हाय. माळकऱ्याच्या घरात?"

ओसरीवरून आबा आत आले, पाठोपाठ व्याही. आबांनी शिशी हातात घेतली, जणू जन्मात पहिल्यांदा बघत होते. मग त्यांचा चेहरा लाल झाला आणि धनगरणीला बोलवा म्हणाले. मला अजून आठवतं, तो लाल रंग खोटा नव्हता. आबांनी तेवढ्या क्षणात स्वतःलाही पटवून टाकलं होतं.

भागूमाय अंगणात येऊन उभी राहिली. पदराला लोकरीचे तुसे लागलेले होते. सगळे बघत होते. शिशी कोनाड्यात थिजलेली सापडली असं सांगून आबांनी विचारलं, "भागू, तू आमाला हे काय म्हणून दिलतं?"

तिनं आबांकडे पाहिलं. मग उंबऱ्याआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि त्या एकाच वेळी डोक्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बारा वर्षांची होते. बारा वर्षांच्या मुलीला खरं-खोटं कळतं, तोंड उघडता येतं. मी उघडलं नाही. मला लग्न मोडायची भीती होती, आबांची भीती होती, आणि खरं सांगायचं तर एका धनगरणीसाठी एवढं सगळं पणाला लावावं असं मला वाटलंच नाही.

"झाडपाल्याचं म्हनूनच दिलतं," भागूमाय म्हणाली. "चूक माजी हाय. पोरीला न्हाई ठावं, घरच्याला न्हाई ठावं."

व्याही मंडळींचं समाधान झालं. फसवलेलं घर चालतं, बाटलेलं चालत नाही. घरभर गोमूत्र शिंपडलं, माझं डोकं शिकेकाईनं तीनदा धुतलं आणि दुपारी सुपारी फुटली. धुतलेले केस सासूबाईंना फारच आवडले. ज्या हातांनी ते उगवून आणले त्यांचा विटाळ झाला होता, केसांचा झाला नव्हता.

तेवढ्यावर आबा थांबते तर मी त्यांना माफ केलं असतं. पण पाहुण्यांच्या देखत चावडीवर त्यांनी सांगितलं की भागूच्या मेंढ्या ह्या शिवारात कुणीही बसवायच्या नाहीत, आजच्या आज रान सोडायचं. माली पाटलाचा हुकूम, कोण मोडणार? तिला ज्यांच्या घरी ताक मिळायचं, ज्यांच्या पोरांच्या डोक्यातले खवडे तिनं बरे केले होते, त्यांतला एक माणूसही बोलला नाही. त्यांना तरी काय म्हणू? मीच बोलले नव्हते. दिवस मावळायच्या आत आमच्या माळावरून कळप हलला. पोटुश्या मेंढ्या हळू चालत होत्या आणि म्हसू त्यांना काठी न लावता नुसता मागून हाकारत होता. मी माडीवरून पाहिलं. केस वाळायला मोकळे सोडले होते.

लग्न झालं. आबांना मी त्यानंतर कधी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात खवडे झाले, तेव्हा आईनं गड्याला डोंगरात भागूमायला शोधायला पाठवलं होतं म्हणे, अर्थात मागच्या दारानं येण्यासाठी. ती सापडली नाही.

मला सापडली ती चौदा वर्षांनी, कड्याच्या बाजारात. इंग्रजी मुलखाची हद्द तिथून जवळ, बाजाराला तिकडचीही माणसं यायची. घोंगड्या घेऊन बसलेल्या बायकांत ती होती. म्हसू नव्हता. मी समोर उभी राहिले, पण माझ्या डोक्यावर पदर, त्यामुळं तिला ओळख पटेना. मग म्हणाली, "पदर सरकव." मी सरकवला. तिनं उठून माझ्या डाव्या कानामागं बोटं घातली.

"चांगलं भरलं गं, माय," ती म्हणाली.

मी मेंढ्यांचं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. तिनं घोंगडीची घडी नीट करत सांगितलं की घाट चढतानाच त्या अवेळी व्यायला लागल्या. चाळीसेक मेंढ्या होत्या, दोनच कोकरं जगली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी पायावर डोकं ठेवून मोकळी झाले असते.

मी ते केलं नाही. मी माझ्या कामाला गेले होते. माझ्या मुलीच्या डोक्याला चाई पडली होती, तशीच, तळहाताएवढी. मी तेल मागितलं.

भागूमायनं मान वर केली. "काय म्हनून देऊ?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. औषध देणारं माणूस विचारतं तसं विचारलं.

दहा पावलांवर आमची गाडी उभी होती. गाडीत सासूबाई बसल्या होत्या, गळ्यात माळ, नजर आमच्याकडे. आता मी सव्वीस वर्षांची होते, दोन मुलांची आई होते, घरात माझ्या शब्दाला किंमत होती. खरं बोलले असते तर फार तर चार दिवस अबोला झाला असता.

"झाडपाल्याचं म्हणून," मी हळूच म्हणाले.

तिनं पिशवीतून एक शिशी काढली, पदरानं पुसली, माझ्या हातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. तळवा अजून तसाच मऊ होता.

"थंडी लई पडलीया," ती म्हणाली. "चुलीपाशी ठेव. कोनाड्यात ठिवू नको."