पाण्यात जन्मलेली आई

आमच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात शेवंताबाईसारखी कोळीण दुसरी नाही, हे मी बंदरावर उभं राहून सांगीन. रोज पाटी घेऊन जुईनगरला मासळी विकायची आणि पुनवेला भरतीचं पाणी हंड्यात भरून बंदरावरच्या आईला न्हाऊ घालायचं. आई म्हणजे आमची देवी, शेंदूर फासलेला गोल धोंडा, तांदळा. ना तोंड, ना हात. नळाचं पाणी तिला चालत नाही. हे न्हाणं शेवंताबाईला सासूकडून आलं.

यंदा देऊळ नवं बांधायला घेतलं. कमिटीचा पुढारी तिचाच धाकटा दीर, पंढरी. त्यानं जयपूरहून आठ हातांची संगमरवरी मूर्ती मागवली आणि ठरवून टाकलं, जुना धोंडा खाडीत सोडायचा. खारट पाण्यानं देव धुतात का, म्हणून चारचौघांत हसला.

जुईनगरच्या गीतांजलीबाई तिचं जुनं गिऱ्हाईक, शाळेत संस्कृत शिकवतात. बोंबील साफ करता करता हिनं त्यांच्यापाशी सगळं ओकलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, ऋग्वेदात एक सूक्त आहे, एका बाईनंच रचलेलं म्हणतात. त्यात देवी स्वतःच सांगते, माझा जन्म पाण्यात, समुद्राच्या आत, तिथून मी सगळ्या जगात पसरले. आठ हात, सिंह, यांचं त्यात नावसुद्धा नाही. ते मागाहून आलं. शेवंताबाईनं ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

तिथून ती पाटीसकट देवळाच्या कमिटीच्या मीटिंगला गेली आणि ऐकलं ते सगळं सांगितलं. पंढरीनं टोमणा हाणला, "वयनी, म्हावरा विकता विकता भटीन कवा झाल्या तुमी?"

"भटीन नाय, कोलीनच हाय," ती म्हणाली. "जी पान्यात जल्मली तिला मी खाऱ्या पान्यानं न्हाऊ घालते. तुजी मूर्ती बी येऊ दे. पन घरात नवी सून आली म्हनून सासूला खाडीत कोन टाकतं रं?"

आधी बायका हसल्या, मग बाप्येही.

"मंग जयपूरवालीला बसवायची कुठं?" पंढरीनं विचारलं.

"सासूच्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी पंढरीनं गवंड्याला बोलावून चौथरा रुंद करायला लावला.