धाकटीची सर्दी

बाबांचं कानातलं मशीन एरवी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं. मी शाळेतून येऊन काही सांगायला लागले की ते नुसते "अच्छा, अच्छा" करतात. पण गेल्या हिवाळ्यात धाकटी बहीण हैदराबादहून आली, त्या सकाळी बाबा मशीन लावून, दाढी करून, अधारतालच्या आमच्या घराच्या फाटकाशी उभे होते.

धाकटी तिथे सर्दीच्या विषाणूंवर संशोधन करते. मी इथल्याच एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आई गेल्यापासून बाबांचं सगळं मीच बघते.

जेवताना बाबांनी टीव्ही बंद केला. जेवताना तो बंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"हां बेटा, सांग. नेमकं काय करून राहिली तू तिथं?"

धाकटीला गाडीतच सर्दी झाली होती. नाक पुसत ती सांगू लागली, "पेशीच्या मध्यभागी केंद्रक असतं बाबा, त्यात जनुकं. काय बनवायचं याचे निरोप तिथून बाहेर जातात. सर्दीचा विषाणू पेशीत शिरला की कात्रीसारखी प्रथिनं तयार करतो. ती केंद्रकाची दारं बिघडवतात आणि बाहेर निरोप वाचणारी यंत्रणाही तोडतात. पेशीचं स्वतःचं काम ठप्प. मदतीची हाकसुद्धा धड मारता येत नाही तिला."

"वाह!" बाबा म्हणाले.

मी पोळ्या लाटत होते. तेच केंद्रक मी दरवर्षी फळ्यावर काढते. घरी पेपर तपासताना कितीदा ते बाबांच्या समोर पडलेलं असतं. 'हे काय आहे गं?' असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. पोळी करपली, तरी कोणाचं लक्ष नव्हतं. चार दिवस मी धाकटीला काढा करून दिला, पण मनापासून नाही.

ती परत गेली आणि बाबा शिंकायला लागले. संध्याकाळी त्यांनी मला पलंगाशी बोलावलं.

"ते तिचं विषाणूचं... मला काहीच समजलं नव्हतं. तिच्यासमोर विचारायची लाज वाटली. तू सांगते का?"

तिलाच फोन करा, असं ओठांवर आलं होतं. पण मी बसले. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, वर्गात सांगते तसं पायरीपायरीनं सांगितलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी डोळे उघडले.

"पण निरोप वाचणारंच तोडलं, तर विषाणूचं स्वतःचं काम काहून नाही थांबत?"

माझ्या वर्गात असा प्रश्न क्वचितच येतो. मला एकदम हुरूप आला.

"पेशीच्या निरोपांना एक टोपी असते बाबा. विषाणू यंत्रणेचा ती टोपी ओळखणारा भागच तोडून टाकतो. त्याच्या स्वतःच्या निरोपाला टोपी लागतच नाही. उरलेल्या यंत्रणेवर त्याचं भागतं. आणि तो स्वतःच निरोप घेऊन आलेला असतो, केंद्रकातून काही यायची वाट बघावी लागत नाही."

"बदमाश आहे!" बाबा खूश होऊन म्हणाले, आणि त्यांनी लगेच उशीजवळचा फोन उचलला.

"बेटा, तुझं काम समजलं मला आज! पूर्ण समजलं! काय हुशार आहेस तू!"

समजावलं कोणी, ते सांगतात का हे ऐकायला मी दारात थांबले. नाही सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहासाठी आलं जरा जास्तच जोरात ठेचलं.