बॅग गोव्याला, मामा नाहूरला

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी मध्ये थांबणार नाही. एक गोष्ट मात्र पहिल्यांदाच सांगून ठेवतो. मी जे केलं, त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. जे काय चुकलं ते नंतर, आणि थोडंसंच. पण आमच्या घरच्या माणसांना आधीचं आणि नंतरचं वेगळं करता येत नाही. सगळं एकत्र कालवून मलाच वाढतात.

तर मी वजनकाटे बसवतो. गोदामाच्या दारात ट्रकसकट वजन होतं ना, ते मोठे काटे. त्या कामासाठी कंपनीने मला बनारसला पाठवलं. आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारी माझ्या ताईच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न. मुलुंडला हॉल घेतलेला.

आता आमच्याकडच्या लग्नात नवरी बोहल्यावर उभी राहते ती मामाने दिलेल्या पिवळ्या साडीत. बाकी तिने कितीही भारी साड्या नेसू देत, मंगलाष्टकांना मामाचीच. आणि ऋतुजाला मामा एकच. मी. मग बनारसला गेलेला मामा काय घाटकोपरच्या दुकानातली साडी आणेल? मी ताईला फोन करून छाती पुढे काढून सांगितलं, साडी थेट बनारसची येणार, तू दुसरी बघूसुद्धा नकोस. ताईने बघितली नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझा जीव टांगणीला लागला तो याच्यामुळे.

साडीसाठी मी एक दिवस जास्त राहिलो, त्यामुळे परतीचं तिकीट माझ्या खिशातून. लग्नसराईचे दिवस. बनारस ते मुंबई विमानाचा भाव बघितला आणि मोबाईल उलटा ठेवला. मग सहज गोव्याचं तिकीट बघितलं. बनारस ते गोवा, व्हाया मुंबई, तिथे विमान बदलायचं. जवळजवळ निम्म्यात!

तुम्हीच सांगा, हा कुठला हिशेब? जास्त लांब जाणाऱ्याला कमी पैसे आणि मध्येच उतरणाऱ्याला दुप्पट? मी ठरवलं, गोव्याचं काढायचं आणि मुंबईला उतरून सरळ नाहूरला घरी जायचं. पुढची सीट रिकामी जाऊ दे. बायकोला फोनवर सांगितलं तर संगीता म्हणाली, अहो, असं चालतं का? का नाही चालणार? पूर्ण थाळीचे पैसे भरले आणि शेवटचा गुलाबजाम नाही खाल्ला, तर हॉटेलवाला पोलिसांना बोलावतो का? माझा प्रश्न अजून तसाच आहे, कोणी उत्तर दिलेलं नाही.

यात एकच पथ्य. सामान चेक-इन करायचं नाही. केलं की ते गोव्याला जाणार. एवढं मला कळत होतं, मी काय दूधखुळा नाही. एकच बॅग, हातातली, त्यात साडी आणि माझे दोन कपडे. प्लॅन एकदम झकास होता.

पण माणूस काशीला जातो आणि हात हलवत परत येतो, असं कधी झालंय? मी निघायच्या आधीच सोसायटीत बातमी पसरली होती. जिन्यात भेटेल तो म्हणायचा, आम्हाला गंगेचा एक गडू आणा हो. सासूबाईंना पाहिजे, ताईला लग्नाच्या पूजेला पाहिजे, शेजारच्या परब वहिनींना तर दोन पाहिजेत, एक त्यांच्या बहिणीला. ते तांब्याचे छोटे सीलबंद गडू मी घाटावरून घेतले आणि बॅगेत साडीच्या अंगावर रचले. कामाधामाचा माणूस मी, विमानात पाणी नेता येत नाही हे माहीत होतं. पण गंगा म्हणजे पाणी, हे डोक्यातच आलं नाही. हे काय सांगून समजणार? आपल्या घरात कोणी देवघराकडे बोट दाखवून म्हणतं का, ते बघ तिथे पाणी ठेवलंय?

बनारसच्या विमानतळावर तपासणीला बॅग मशिनीतून गेली आणि तिथला जवान मला बाजूला घेऊन उभा राहिला. बॅग उघडली. गडू बघितल्यावर त्याने आधी नमस्कार केला, मग म्हणाला, हे आत जाणार नाही. एक तर इथे ठेवा, नाहीतर मागे जाऊन बॅग सामानात टाका.

इथे ठेवा म्हणजे कुठे? तर शेजारी कचऱ्याचा डबा होता. त्यात अर्ध्या बाटल्या, शाम्पू, कसलंसं लोणचं. मी त्या डब्याकडे बघितलं, जवानाकडे बघितलं. तोही डब्याकडे बघेना. गंगा मी कचऱ्यात टाकू? ताईच्या पूजेची? मी बॅग उचलली आणि उलट्या पावली काउंटरकडे पळत सुटलो.

आता तुम्ही म्हणाल, साडी काढून हातात घ्यायची ना. अहो, तेच तर संगीता मला रोज म्हणते! साडी खाली, गडू वर, विमान सुटायला टेकलेलं आणि काउंटरवरची मुलगी 'जल्दी सर, जल्दी सर' करतेय. तिने बॅग काट्यावर ठेवली. आणि मी, सवय वाईट, काटा बरोबर दाखवतोय का ते बघत बसलो. बरोबर होता. तेवढ्यात तिने पट्टी चिकटवली आणि म्हणाली, बॅग आता तुम्हाला सरळ गोव्यात मिळेल.

तिथे मला बोलता आलं असतं. मॅडम, बॅग मुंबईलाच उतरवा, एवढंच. पण चोराच्या मनात चांदणं. ती विचारणार, का? मग मी काय सांगू, मी गोव्याला जातच नाहीये? मी मान डोलावली. वर हसून म्हणालो, गोवा, हां हां, बीच बघायचाय. बॅग पट्ट्यावरून झुलत गेली, आणि ऋतुजाची साडी तिच्याबरोबर.

विमानात माझ्या शेजाऱ्याने दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का. मी नाही म्हणालो. आणि पट्टीचा माझ्याकडे दिलेला तुकडा खिशातून परत परत काढून वाचत राहिलो.

मुंबईला उतरलो आणि तरीही पट्ट्यापाशी जाऊन उभा राहिलो. वाटलं, कोणाची तरी चूक होईल आणि बॅग इथेच येईल. आपल्या देशात एवढ्या चुका होतात, एक माझ्या फायद्याची नाही होणार? सगळ्यांच्या बॅगा आल्या, पट्टा थांबला, आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. कट केला. परत वाजला. परत कट केला. मला कळून चुकलं, पकडलो. पुढच्या विमानात मी नाही हे त्यांना समजलंय, आता दंड लावणार, पूर्ण भाड्याचे पैसे मागणार. मी काय ऐकून घेतोय! नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या नंबरवरून आला, तोही ब्लॉक केला. मग फोनच बंद केला आणि कोणी हाक मारायच्या आत बाहेर येऊन रिक्षा पकडली.

घरी संगीताने दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं.

"बॅग?"

"गोव्याला गेली."

"आणि तुम्ही?"

"मला इथेच उतरायचं होतं ना."

ती आत गेली, पाणी आणून दिलं आणि समोर बसली. बायको ओरडली तर बरं असतं. ही शांतपणे म्हणाली, विमान कंपनीला फोन करा, सगळं खरं सांगा आणि बॅग मागवून घ्या. मी म्हटलं, वेडी आहेस काय, फोन केला तर आपण स्वतःच कबूल केल्यासारखं होईल. मी कोणापुढे हात जोडणार नाही. उद्या सकाळी जातो गोव्याला, पट्टी दाखवतो, बॅग घेतो, दुपारी परत. हळद संध्याकाळी आहे, लग्न परवा. भरपूर वेळ आहे.

आणि मी गेलो! मोठ्या तोऱ्यात जो टप्पा सोडून दिला होता, त्याच टप्प्याचं वेगळं तिकीट काढून दुसऱ्या दिवशी सकाळी उडालो. काल ज्या सीटचे पैसे भरून बसलो नाही, तिथे आज पुन्हा पैसे भरून बसलो. खिडकीची सीट होती, समुद्र दिसत होता. मी बघितला नाही. तत्त्व म्हणून बघितला नाही.

गोव्याला सामानाच्या ऑफिसात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. बोलण्यावरून सावंतवाडीकडचे वाटले, आपला माणूस भेटला म्हणून मला धीर आला. मी पट्टी पुढे केली आणि आवाज चढवूनच सांगितलं, काल माझी बॅग इथे आली, ती द्या. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

"तुमची बॅग हंय येवकच नाय," ते म्हणाले.

"असं कसं? पट्टीवर गोवा लिहिलंय."

"लिहिलला आसा. पण काल मुंबैक तुम्ही विमानात बसलास?"

मी पुढे केलेली पट्टी मागे घेतली. मग हळूच म्हटलं, नाही.

"तुम्ही बसाक नाय, मगे बॅग कशी बसतली?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने, तेच जास्त लागलं. विमानात सामान चढवलं आणि त्या सामानाचा माणूस आलाच नाही, तर ते सामान खाली उतरवतात. सुरक्षेचा नियम. माझी बॅग शोधायला काल अख्खं सामान बाहेर काढावं लागलं आणि विमान उशिरा सुटलं. बॅग मुंबईतच ठेवली होती. तुम्हाला सांगायला तिथल्या लोकांनी फोनवर फोन केले, पण तुम्ही उचलले नाहीत, असंही ते म्हणाले. दंडाचं काही नव्हतं, बॅग घेऊन जा एवढंच सांगायचं होतं त्यांना.

म्हणजे बघा. मी पट्ट्यापाशी उभा राहून ज्यांचे नंबर ब्लॉक करत होतो, ते लोक त्याच इमारतीत माझी बॅग हातात घेऊन मला शोधत होते. आणि मी तिला आणायला गोव्याला आलो होतो.

खरं सांगतो, तिथल्या खुर्चीवर मी बसलो तेव्हा मला रडू आलं. हसू नका. पैशाचं नाही. दुपारच्या विमानात जागा नव्हती, संध्याकाळचं होतं. ते चुकलं किंवा रद्द झालं, तर पोरगी उद्या कुठल्या साडीत उभी राहणार? दुसरी कोणी घेतलेलीच नव्हती, माझ्या शब्दावर. बॅग संगीताला आणायला सांगावं, तर ते माझं ओळखपत्र बघितल्याशिवाय देणार नव्हते. मी ताईला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गुलाबजामाचं सोडून.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मागे हळदीच्या तयारीची गडबड ऐकू येत होती. मग म्हणाली, "दिल्या, साडीचं बघू, नसली तर नसली. तू उद्या उभा राहा म्हणजे झालं." तिने शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो असतो. यावर काय भांडणार?

संध्याकाळचं विमान उडालं, आणि मुंबईला उतरलंही. सामानाच्या काउंटरमागे भिंतीला टेकून माझी बॅग उभी होती, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तिथल्या मुलीने नाव वाचलं आणि विचारलं, सर, तुम्ही कालपासून होतात कुठे? मी म्हटलं, गोव्याला. ती म्हणाली, पण तुम्ही तर गोव्याला गेलाच नव्हतात. या विषयावर मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. मी सही केली, बॅग उघडून साडीला हात लावून बघितला, आणि ती पोटाशी धरून थेट ताईकडे गेलो. एक गडूही गळला नव्हता, हे कोणी बोलत नाही.

हळद आटोपली होती, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. जिन्यापासून दारापर्यंत प्रत्येक जण मला विचारत होता, काय मग, गोवा काय म्हणतंय? मी प्रत्येकाला उत्तर दिलं. तिकीट माझं, पैसे माझे, मी पाहिजे तिथे उतरेन. नियमच उलटा आहे, त्यात माझा काय दोष? माझी एक चूक झाली, ती म्हणजे फोन उचलला नाही. बाकी सगळं बरोबर होतं आणि गरज पडली तर मी पुन्हा करेन. सासूबाईंनी गडू डोक्याला लावला आणि म्हणाल्या, करा, पण आम्हाला सांगून करा.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा ती पिवळी साडी नेसून खोलीच्या बाहेर आली. काय दिसत होती, ते मी सांगायला गेलो तर तुमचा चहा गार होईल. मुहूर्त जवळ आला, भटजींनी माईकवरून मामाला बोलावलं. नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत नेण्याचा मान मामाचा. मी फेटा नीट केला, ऐटीत पुढे गेलो आणि तिच्यापुढे हात केला. अख्खा हॉल बघत होता. व्हिडिओवाला अगदी समोर, माईक शेजारीच चालू.

ऋतुजाने हात दिला नाही. तिने आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मामा, बोहल्यापर्यंत येणार आहेस ना, की मध्येच उतरणार?"