सातवाट तालमीचा हाफ

कृष्णात इंगवलेबद्दल कुणी काही लिहावं असं आमच्या पेठेत कुणाला वाटणार नाही. पेठेला गोल मारणारे तेवढे लक्षात राहतात. कृष्णात हाफ खेळायचा. मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं, मागून आलेला चेंडू घ्यायचा, एकदा मान वर करून बघायचं आणि पुढच्याच्या पायात नेमका नेऊन ठेवायचा. गोल झाला की खांद्यावर दुसराच बसायचा. मी बाळासो, तीस वर्षं सातवाट तालीम मंडळाचा सेक्रेटरी. संघाची यादी माझ्या हातानं होते. म्हणून हे मीच लिहिलेलं बरं.

बाहेरच्या पावण्यांना सांगून पटत नाही, पण आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघही तालमींचेच, आणि पोरगं कुणाचं हे विचारायच्या आधी कुठल्या तालमीचं हे विचारतात. त्यानंतर विचारतात, ब्राझीलचं की अर्जेंटिनाचं. सातवाट पहिल्यापासून ब्राझीलची. वर्ल्ड कप आला की आम्ही अख्खी गल्ली पिवळी-हिरवी रंगवतो. आतली पोरं फाटक्या बुटांनी खेळतात, पण भिंती बघाव्यात. कृष्णात त्याच गल्लीतला. बाप लवकर गेला, आई चिमणाबाई दोन म्हशींवर घर चालवायची. या पोराला चेंडूशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. मोठा होऊन कोण होणार असं विचारलं की म्हणायचा, प्लेअर. मास्तरांनी त्यासाठी दोनदा मारलं, तरी उत्तर तेच.

दोन हजार बारा साली तो बावीस वर्षांचा होता. गोव्यातल्या एका क्लबानं त्याला निवड चाचणीत बघितलं आणि दोन वर्षांचा करार देऊ केला. पगारी खेळाडू. आमच्या पेठेतून असा कुणी गेलेला नव्हता. सोमवारी तिथं हजर व्हायचं, डॉक्टरी तपासणी द्यायची आणि सही करायची. क्लबच्या कोचनं बजावलं होतं की आता मधे कुठलीही मॅच खेळू नकोस. आणि आमची फायनल होती आदल्या दिवशी, रविवारी, शेजारच्या पेठेविरुद्ध.

शुक्रवारी तो माझ्याकडं आला. मला फायनलला बाहेर बसवा म्हणाला. पायाला काही झालं तर सगळं गेलं, एवढं एकच वाक्य त्यानं दोन-तीनदा सांगितलं. बरोबरच होतं त्याचं. तोवर गल्लीत बोभाटा झाला होता की कृष्णात फितूर झाला, समोरच्या पेठेनं पैसे चारून त्याला गप्प बसवला. तालमीत पोरं गरम झाली होती. मी जाणता माणूस, मी त्यांना दोन शब्द सुनवायला हवे होते. त्याऐवजी मी ताट मागवलं. ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा. तो उचलून दिलेला शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं असं आमची पेठ मानते, आणि चिमणाबाईंचं घर तर जरा जास्तच मानतं.

"तू विकला गेला न्हाईस एवढं उचलून सांग. मग खेळ नायतर खेळू नगंस, तुझ्यावर हाय," मी म्हणालो.

त्यानं उचलला. आता त्यानंतर बाहेर बसणार कसा? बसला असता तर पेठेच्या लेखी शपथ खोटी ठरली असती. मला हे ठाऊक होतं. ताट पुढं करतानाच ठाऊक होतं.

रविवारी एकसष्टाव्या मिनिटाला समोरच्या बॅकची लाथ त्याच्या गुडघ्यावर बसली. आम्ही एक-शून्यनं जिंकलो. शाहू स्टेडियमपासून पेठेपर्यंत मिरवणूक निघाली आणि कृष्णातला त्यात खांद्यावर घेतला, आयुष्यात पहिल्यांदा. पाय लोंबत होता. तो गुलालात हसत होता आणि ओठ चावत होता. त्यानंतर दवाखान्यात न्यायचं सोडून आम्ही त्याला तालमीतल्या वस्तादांच्या हवाली केलं. आमच्याकडं मोडलंबिडलं, लचकलं, सगळ्याला वस्ताद. पैलवानांचे खांदे त्यांनी बसवलेत हे खरं, पण गुडघ्याच्या आत तुटलेलं काही तेल लावून जोडलं जात नाही. महिनाभर ते गुडघा चोळत होते आणि पोरगं लाकडाचा तुकडा दाताखाली धरून कण्हत होतं. क्लबाकडून मागून घेतलेली मुदत संपल्यावर, महिन्यानं गोव्याला गेला. तिथल्या डॉक्टरनं दोन ठिकाणी दाबून बघितलं आणि पाच मिनिटांत परत पाठवलं. मग आम्ही मोठा डॉक्टर गाठला, ऑपरेशन केलं. बैल गेला आणि झोपा केला.

पुढची बारा वर्षं सांगायला फार वेळ लागत नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला. कास्टिंगची धार ग्राइंडरवर घासायची, आठ तास उभ्यानं. गुडघा सुजायचा, रात्री अनुजा, त्याची बायको, मिठाच्या पाण्यानं शेकायची. पण दरवर्षी नोंदणीच्या दिवशी तो नवीन फोटो काढून, फॉर्म भरून माझ्यापुढं रांगेत उभा राहायचा. मी त्याचं नाव यादीत घालायचो. सीझनमध्ये एखाद्या सोप्या मॅचला शेवटची दहा मिनिटं उतरवायचो. तेवढ्यावर तो वर्षभर प्लेअर असायचा. कंपनीतही त्याला प्लेअरच म्हणायचे, काही जण चेष्टेनं.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाला ब्राझीलचा माणूस आणायचा झटका आला. इतर तालमी परदेशी खेळाडू आणतात, मग आपण थेट ब्राझीलचाच आणू. एका दलालामार्फत जेनिवाल्दो नावाचा हाफ आला. पेठेनं दुसऱ्या दिवशी त्याचा जनाभाऊ केला. पस्तिशीचा, कृष्णातच्याच वयाचा. त्याची देखभाल कृष्णातकडं दिली, कारण पोरांना नुसत्या सेल्फी हव्या होत्या. दोघं मोबाइलमध्ये बोलायचे आणि मोबाइल एकाचं दुसऱ्याला सांगायचा. कृष्णात त्याला कट्ट्यावर नेऊन धारोष्ण दूध पाजायचा, घरी नेऊन पांढरा रस्सा घालायचा, तांबडा त्याला सोसायचा नाही.

जनाभाऊची सगळी हकिकत कृष्णातनं मला एकदा कट्ट्यावर सांगितली. सतराव्या वर्षी तिथल्या एका बऱ्या क्लबात. मग दुसरी श्रेणी, मग तिसरी. मग माल्टा, मालदीव, बांगलादेश. एका क्लबानं पगार बुडवला, एक क्लबच बुडाला. बायको सोडून गेली, मुलगी फोनवर दोन शब्द बोलते. आणि आता सातवाट तालीम, कोल्हापूर. ते ऐकताना, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. बारा वर्षं छातीवर होता तो धोंडा जरा हलला. मी म्हणालो, बघ कृष्णात, फुटबॉलच्या मुलखात जन्मून त्याची ही गत, तू गेला असतास तरी शेवटी असाच दारोदार हिंडला असतास.

कृष्णातनं दुधाचा ग्लास खाली ठेवला. "व्हय काका. पर त्याचा पाय खेळून झिजला."

मी दुधाचे पैसे द्यायला उठलो.

फायनलच्या चार दिवस आधी जनाभाऊचा गुडघा सुजला. ईशान्येकडच्या एका क्लबानं त्याला पुढच्या सीझनसाठी बोलावलं होतं आणि त्याची ती शेवटची आशा होती. तो म्हणाला, मी खेळणार नाही, माझे पैसे कापा. पेठ खवळली. मंडळाच्या बैठकीत एकजण म्हणाला, ताट आणा, त्याच्याकडनंबी बेलभंडारा उचलवा, समजावून कृष्णात सांगेल. मी अध्यक्षाशेजारी बसलो होतो. सगळे हसले, मग गंभीर झाले. मी मान खाली घातली. कृष्णात हो म्हणाला आणि ताट घेऊन जनाभाऊच्या खोलीवर गेला.

तिथं त्यानं काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ताट दाराबाहेर ठेवून त्यानं मोबाइलमध्ये एवढंच म्हटलं, बॅग भर. मग मोटरसायकलवर मागं बसवून त्याला स्टँडवर नेलं आणि मुंबईच्या गाडीत घालून दिलं. परत येऊन तालमीच्या दारात उभा राहून सरळ सांगितलं की मी घालवला. दोघातिघांनी अंगावर हात टाकला. त्यानं उलटा हात उचलला नाही.

फायनल आम्ही तीन-शून्यनं हरलो. तीन आठवड्यांनी जनाभाऊचा निरोप आला. त्या क्लबाच्या डॉक्टरनं गुडघा बघितला आणि नको म्हणून सांगितलं. तो घरी चालला होता. कृष्णातनं तो निरोप मला दाखवला, तेव्हा त्याचा चेहरा गोव्याहून परत आल्या दिवशी होता तसा झाला होता. ज्यासाठी एवढं केलं, तेही वाया गेलं होतं.

पावसाळ्यात मंडळाची सभा झाली. कृष्णात फितूर, त्याचं नाव यादीत नको असा ठराव आला. हात वर करायचे होते. माझ्या मनात होतं की उठावं आणि त्या रविवारची गोष्ट सगळ्यांना सांगावी. नव्या पोरांना ती ठाऊकही नाही. गुडघा कसा गेला, ताट कुणी पुढं केलं, सगळं सांगावं. इकडं तिकडं बघितलं तर सगळे हात वर होते. मी पण केला. भित्रा माणूस मी, दुसरं काय.

नोव्हेंबरात नोंदणी होती. त्याला कुणी कळवलंच नव्हतं, मीही नाही. फर्स्ट शिफ्ट करून, तोंडावरची काजळी धुऊन तो रांगेत उभा राहिला. मागंपुढं अठरा-वीस वर्षांची पोरं. पाळी आल्यावर फॉर्म माझ्यापुढं ठेवला. वर नवा फोटो चिकटवलेला, तालमीची पिवळी जर्सी घालून काढलेला. मी यादी त्याच्याकडं फिरवली आणि म्हणालो की कृष्णात, यंदा नाव नाही, सभेत ठरलं. माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं, हेही म्हणालो.

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. दोनदा वाचली. मागचं पोरगं पुढं सरकलं तसा तो बाजूला झाला.

"फोटो तेवढा काढून द्या काका. कंपनीत गेटपासला लागतोय."

मी नखानं कोपऱ्यातून फोटो सोडवायला लागलो. डिंक अजून ओला होता. फोटो सहज निघाला.