एक ओळ खाली पडणारी खूण

दोनेक महिन्यांपूर्वी एका रविवारी धाराशिवहून तेरला गेलो होतो, आक्काकडं. निमित्त होतं मी घरीच केलेल्या एका छोट्या सॉफ्टवेअरमधला बग... म्हणजे मला तो बग वाटत होता.

आक्का माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी बालवाडीत होतो आणि आक्काच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती बोलणी तिनं पुढं ढकलायला लावली आणि मला वाढवलं.

मला सगळं लिहून ठेवायची खोड आहे. गाडीच्या सर्व्हिसिंगपासून कढीच्या प्रमाणापर्यंत सगळं माझ्या खासगी विकीत असतं... विकी म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर उडी मारता येते अशी कॉम्प्युटरवरची वही. बायको म्हणते, "एक दिवस माझंही पान काढाल तुम्ही, सर्व्हिसिंगच्या तारखेसकट."

त्या विकीत 'आई' नावाचं एक पान आहे. ते मोबाइलच्या एका स्क्रीनपेक्षा मोठं कधी झालंच नाही. मला आठवतंच तेवढं... चुलीपुढं बसलेली आई, एक निळं लुगडं, मामाच्या गावाला जाताना धरलेला तिचा हात.

वडीलही आता नाहीत. आई नीट आठवते अशी घरात एकटी आक्काच, म्हणून मी विकीला टिपा जोडायची सोय केली. ओळीवर बोट दाबायचं, ओळ पिवळी होते, ही झाली खूण, मग माइकवर बोलायचं... बोललेलं त्या ओळीशेजारी टीप होऊन चिकटतं. माझं लिहिलेलं तसंच राहतं आणि तिचं म्हणणंही राहतं.

आक्काला हे फार आवडलं. चुलीच्या ओळीवर तिची पहिली टीप आली, "ती आई न्हाय, मी हुते. आई तवा दवाखान्यात हुती." एवढी वर्षं मी जिला आई म्हणून आठवत होतो ती आक्का निघाली. ऑफिसात बसून वाचत होतो, उठून बाहेर गेलो.

मग हळूहळू खुणा घसरायला लागल्या. निळ्या लुगड्याची टीप जाऊन चिकटली मामाच्या ओळीला... "धुतलं की लई रंग सोडायचं." मामाला वाचून दाखवलं असतं तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं.

मी लगेच माझ्या कोडवर संशय घेतला. खुणेची जागा अक्षरं मोजून ठरते आणि जोडाक्षरं मोजताना कॉम्प्युटरची गफलत होते, ती दुरुस्त केली. माझ्या मोबाइलवर सगळं नीट, आक्काच्या मोबाइलवर खूण पुन्हा एक ओळ खाली. फोनवर मी तिला सांगायचो, तुझं काही चुकत नाहीये आक्का, सॉफ्टवेअरच चुकतंय. ती म्हणायची, "व्हय का? मग ठीक हाय."

शेवटी म्हटलं, समोर बसूनच बघू... आणि एसटीत बसलो.

चहा झाला. तिच्याच मोबाइलवर मी ते पान उघडायला लावलं, मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हटलं, लाव बघू एक खूण. रेंजची बोंब होती... पान आलंच नाही, नुसता पांढरा स्क्रीन आणि मधे फिरणारं चक्र.

मी थांब म्हणणार होतो. तेवढ्यात तिनं मोबाइलची वरची कड बोटानं चाचपली, तिथून अंदाजानं खाली आली आणि त्या कोऱ्या स्क्रीनवर बोट टेकवलं. "ही बघ," म्हणाली, "हाताची ओळ."

आणि टीप सांगायला लागलीसुद्धा... आजारपणात आईच्या बांगड्या कशा कोपरापर्यंत जायच्या ते. मान जरा तिरकी, नजर स्क्रीनच्या कडेला कुठंतरी. आख्खं पान तिला पाठ होतं.

"आक्का, दिसतंय का तुला?"

"कडंकडंनं दिसतंय की. मधलंच तेवढं जातंय."

धाराशिवला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. बऱ्याच वर्षांची साखर डोळ्यांच्या पडद्यावर उतरली होती. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले, उरलेली टिकवायला इंजेक्शनं सुरू केली. आधी का नाही आणलं, हे त्यांनी मलाच विचारलं.

परत येताना रिक्षात मी तिच्यावर चिडलो. एवढे महिने गप्प का बसलीस, म्हटलं.

"तू म्हणलास, मशीन चुकतंय. मला लई बरं वाटलं बघ... म्हणलं, चला, डोळं चांगलं हायेत आपलं."

मलाही तसंच वाटत होतं, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून मी ते पुन्हा पुन्हा बोललो होतो. तिनं त्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासात महिने गेले. याचं फार वाईट वाटतं... कामात असलो तरी मधेच आठवतं आणि हात थांबतो.

आता दर रविवारी तेरला जातो. मी वाचतो, ती सांगते, खूण मी लावतो. 'आई'चं पान बरंच मोठं झालंय... आणि त्यात कितीतरी ठिकाणी आईच्या जागी आक्काच निघते.

परवा मधेच तिनं विचारलं, "खुणंचा रंग कंचा हाय रं?" पिवळा, म्हटलं. मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसली जरा वेळ. मग म्हणाली, "जरा गडद कर की. फिक्का हाय म्हणून दिसत नसंल."

मी रंग गडद केला. तिनं मान तिरकी करून पुन्हा बघितलं... "हां, आता बरं दिसतंय."

माझ्यासाठी म्हणाली, हे मला कळलं. मला वाईट वाटू नये म्हणून ती माझ्या लहानपणापासून हेच करत आलीय... दिसत नसतानाही तिनं तेच केलं.